ताग्यावरची लक्ष्मी

आमच्या सोलापूरच्या घरी देवघरात, बाळकृष्णाच्या मागे, लाकडी चौकटीत बसवलेले लक्ष्मीचे एक लहान चित्र होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्यांच्या शेजारी तेही पाटावर येई आणि आजी त्याला हळदकुंकू वाही. आजी गेल्यावर किडलेली चौकट बदलायला घेतली, तेव्हा चित्राची खालची पट्टी प्रथमच उजेडात आली. तिच्यावर बारीक रोमन अक्षरांत एका पेढीचे नाव होते आणि पुढे ‘मँचेस्टर’. आजोबा तरुणपणी कापडपेठेत दिवाणजी होते. पुढे त्यांनी हयातभर खादी वापरली. त्यांच्याच देवघरात विलायती कापडाच्या ताग्यावरचा कागद पूजेला होता. या कागदाचा माग काढता काढता माझी वीस-बावीस वर्षे गेली.

व्यापाऱ्यांच्या बोलीत या कागदाला ‘टिका’ म्हणत. इंग्रजी ‘टिकट’वरून आलेला हा शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड मुंबई आणि कलकत्ता बंदरांत उतरे, तेव्हा ताग्याच्या दर्शनी घडीवर अशी रंगीत टिका डकवलेली असे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून शिळाछापावर ती छापली जाई. लक्ष्मी, गणपती, कृष्ण, वाघ, हत्ती, संस्थानिक, आगगाडी असे तिचे विषय असत. पुढे रविवर्म्याच्या चित्रांची छायाही अनेक टिकांवर पडली. बंगळुरूच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ने २०२५ मध्ये या टिकांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि रद्दीत जाणाऱ्या या कागदांकडे पुष्कळांचे लक्ष गेले.

कलावस्तू म्हणून टिका देखणी आहेच, पण तिची कामे निराळी होती. गोदामातल्या शेकडो गाठींतून हवा तो माल ओळखणे, हे पहिले. गिऱ्हाइकाची नजर खिळवून त्याला पुन्हा त्याच मालाकडे आणणे, हे दुसरे. आणि माल अस्सल असल्याची ग्वाही देणे, हे तिसरे. आज ‘स्मार्ट लेबल’ म्हणून जे विकले जाते, त्याच्याकडूनही नेमक्या याच तीन कामांची अपेक्षा असते.

या कामांचा वारसा फार जुना आहे. गुजरातेतील लोथल येथे हडप्पाकालीन गोदामाच्या जागी मातीची मुद्रांकने सापडली. त्यांच्या एका बाजूला मुद्रेचा ठसा आहे, तर दुसऱ्या बाजूला दोरीचे आणि वेष्टनाचे वळ उमटलेले आहेत. म्हणजे ती गाठोड्यांवर लावलेली होती. मालावरच्या खुणेला आपल्याकडे ‘छाप’ म्हणत आले. हाच शब्द व्यापाराबरोबर इंग्रजीत जाऊन ‘चॉप’ झाला आणि उत्तम प्रतीच्या मालाला साहेब ‘फर्स्ट चॉप’ म्हणू लागला.

पहिली दोन कामे टिकेने चोख बजावली. अडचण तिसऱ्या कामाची होती. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा तुटवडा पडला, तेव्हापासून लँकेशायरच्या कापडात खळीबरोबर चिनीमाती भरून वजन वाढवण्याची रीत बोकाळली. हाताला भरगच्च लागणारे कापड पहिल्या धुण्यात विरविरीत होई. त्यावरची टिका मात्र तितकीच झळझळीत असे. शिवाय खपणाऱ्या टिकेची नक्कल करणे सोपे होते. हत्तीची सोंड वर असेल तर खाली करायची, रंग तेच ठेवायचे आणि माल बाजारात सोडायचा.

यावर कायद्याचा उतारा निघाला. ब्रिटनमध्ये १८७५ साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला. कापडावरची चिन्हे इतकी निघाली की त्यांच्यासाठी मँचेस्टरलाच नोंदणीची शाखा उघडावी लागली. हिंदुस्थानात १८८९ मध्ये ‘मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट’ आला. खोटे वर्णन छापणे त्याने गुन्हा ठरवले आणि कापडाच्या प्रत्येक ताग्यावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांत छापणे बंधनकारक केले.

‘इंग्रजी आकड्यांत’ हे शब्द वाचून मी थबकलो. माझ्या आजीला मराठी आकडे कळत, इंग्रजी कळत नसत. म्हणजे एकाच ताग्यावर दोन भाषा होत्या. लक्ष्मी आजीसाठी होती, आकडा जकातीच्या अंमलदारासाठी. ज्याच्या आधारे फसवणूक सिद्ध करता आली असती तो मजकूर तिला वाचता येत नव्हता आणि जे वाचता येत होते त्यातून लांबी, वजन, खळ यांतले काहीच कळत नव्हते. मधली जागा भरून काढी तो ओळखीचा दुकानदार, किंवा आजोबांसारखा दिवाणजी. आजीचा भरवसा खरे तर त्याच्यावर होता.

हा पेच परदेशी मालापुरता नव्हता. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत त्याहून मोठी होळी पेटली. खादीला मागणी आली आणि तिच्या पाठोपाठ खोटी खादीही आली. गिरणीतले जाडेभरडे कापड ‘खादी’ म्हणून विकले जाऊ लागले. १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाला दुकानांना प्रमाणपत्रे द्यावी लागली. १९३४ मध्ये तर ‘खादी’ या नावाच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड तेच खादी, असा त्याचा आशय. ज्या वस्त्राचे सारे मोल त्याच्या सचोटीत होते, त्यालाही अस्सलपणाचा दाखला बाळगावा लागला.

आजची लेबले या साखळीतली पुढची कडी आहेत. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झालेला क्यूआर कोड मुळात मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी होता. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ठरावीक ३०० औषधांच्या वेष्टनावर असा कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला. धनत्रयोदशीला घेतलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांची खूण असते. ती भारतीय मानक ब्युरोच्या मोबाइल अ‍ॅपवर घातली की दागिन्याची नोंद समोर येते. येथे एक मोठा फरक पडला आहे. ग्वाही आता कागदावर किंवा धातूवर नाही, दूर कुठेतरी ठेवलेल्या नोंदवहीत आहे. छापलेल्या क्यूआर कोडची हुबेहूब प्रत कोणीही काढू शकतो. एकच क्रमांक दहा गावांत तपासला गेला हे नोंदवहीच्या लक्षात आले, तरच नक्कल पकडली जाते. त्यासाठी गिऱ्हाइकाने तपासले पाहिजे आणि नोंदवही ठेवणाऱ्याने प्रामाणिक असले पाहिजे.

गेल्या धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानात माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. कर्णफुलावरची खूण भिंगातूनही त्यांना दिसेना. दुकानातल्या मुलीने ती वाचली, आपल्याच मोबाइलवर तपासली आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पडद्याकडे पाहिले नाही. मुलीच्या तोंडाकडे पाहून विचारले, “बरोबर आहे ना गं?”

आजीचे चित्र मी नव्या चौकटीत बसवले आहे. या वेळी खालची पट्टी झाकलेली नाही.