सर पॅट्रिक मूर

पॅट्रिक मूर (१९२३–२०१२) यांनी बीबीसीचा ‘द स्काय अॅट नाइट’ हा खगोलविषयक मासिक कार्यक्रम एप्रिल १९५७ पासून मृत्यूपर्यंत सादर केला. या पंचावन्न वर्षांत केवळ जुलै २००४ चा भाग त्यांच्याविना झाला. विद्यापीठाची पदवी नसतानाही त्यांनी चंद्राच्या कडेचा, म्हणजे चंद्राच्या किंचित डोलण्यामुळे अधूनमधूनच पृथ्वीसमोर येणारा प्रदेश दुर्बिणीतून चिकाटीने टिपला. झायलोफोन, अर्थात आपल्या काष्ठतरंगासारखे लाकडी पट्ट्यांचे वाद्य, ते उत्तम वाजवत. शिवाय संचलनाच्या धुना आणि ‘पर्सियस अँड अँड्रोमेडा’ ही संगीतिका (संपूर्ण गायनातून उलगडणारे नाटक) त्यांनी रचली, तेव्हा त्यांच्या संगीताला निव्वळ विरंगुळा म्हणणे अन्यायाचे ठरेल. कार्यक्रमाची ओळखधून मात्र त्यांची नव्हती. ती फिनलंडचे संगीतकार सिबेलियस यांची होती.