पर्लमधील ओळींचे वर्गीकरण : एका पद्धतीचा इतिहास

विखुरलेल्या ओळी वाचावयाच्या, प्रत्येकीचा वर्ग ओळखावयाचा आणि एका वर्गाच्या ओळी एकत्र आणावयाच्या, हे काम कोशकारास व बोलींच्या अभ्यासकास नित्याचे आहे. पर्ल या संगणकभाषेत ते आज दोनचार आज्ञांनी साधते. या सुलभतेमागील इतिहासाचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

यंत्रसाहाय्याने वर्गीकरण करण्याची जुनी रीत छिद्रित पत्रांची होती. फादर रोबेर्तो बुसा यांनी टॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांची शब्दसूची १९४९ पासून आयबीएमच्या साहाय्याने करावयास घेतली, तिचा आरंभ अशा पत्रांनीच झाला. या रीतीत प्रथम सर्व पत्रे क्रमाने लावावी लागत. त्यामुळे समान वर्गाची पत्रे शेजारी येत, आणि वर्ग जेथे बदले तेथे एक गट संपला असे मानले जाई. क्रम हेच गटाचे साधन होते.

यात मूलगामी पालट झाला तो क्रमांकाऐवजी शब्दाच्या किल्लीने मूल्य काढता येईल अशा सारणीमुळे. आहो, वाइनबर्गर व कर्निघन यांनी १९७७ साली बेल प्रयोगशाळेत रचलेल्या ऑक भाषेत ही सोय होती. लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पर्लमध्येही ती आली व पुढे ‘हॅश’ या नावाने रूढ झाली. वॉल यांनी भाषाशास्त्राचेही शिक्षण घेतले होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. तथापि एका किल्लीपाशी एकच मूल्य राही. म्हणून एका वर्गाच्या अनेक ओळी विभाजकचिन्ह घालून एकाच दीर्घ मजकुरात जोडाव्या लागत. ही अडचण ऑक्टोबर १९९४ मधील पर्ल ५ ने दूर केली. मूल्याच्या जागी दुसऱ्या यादीचा निर्देश ठेवता येऊ लागला, आणि नवा वर्ग भेटताच त्याची रिकामी यादी आपोआप निर्माण होऊ लागली. ओळ वाचावी, वर्ग काढावा, त्या यादीत ओळ घालावी, इतकेच काम उरले.

मात्र हॅश क्रम राखीत नाही. २०१३ च्या ५.१८ या आवृत्तीपासून तर किल्ल्यांचा क्रम प्रत्येक वेळी निराळा येऊ शकतो. म्हणून सूची छापण्यापूर्वी किल्ल्या क्रमाने लावाव्याच लागतात. क्रमवारी नाहीशी झाली नाही. ती आरंभाकडून अंताकडे सरकली, एवढेच.

याहून महत्त्वाचा प्रश्न किल्लीच्या अभेदाचा होय. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ व नुक्ता मिळूनही लिहिता येतो. शिवाय ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह अशीही एक रीत आहे. डोळ्यांस शब्द एकच, परंतु हॅशमध्ये गट तीन. पहिल्या दोन रूपांचे ऐक्य प्रमाणीकरणाने साधते. तिसऱ्याचे साधत नाही, ते अभ्यासकासच घडवावे लागते. वारंवारतेचे आकडे त्यावाचून खोटे ठरतात.

तात्पर्य, ओळी गोळा करण्याचे श्रम यंत्राने उचलले. दोन रूपांस एक केव्हा म्हणावे, हा निर्णय मात्र भाषाभ्यासकाचाच राहिला आहे.