गाठ की गुठळी? हृदयातील अर्बुदांचा इतिहास

हृदयविकाराच्या झटक्याचे कारण बहुतेक रुग्णांत एकच असते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिणींच्या भिंतीत मेदाचे थर साचतात, त्यातला एखादा थर फाटतो आणि त्यावर जमलेली रक्ताची गुठळी वाहिनीचा मार्ग बंद करते. मात्र काही थोड्या रुग्णांत या वाहिन्या निर्दोष असूनही झटका येतो, आणि त्यांतल्याही मोजक्यांत अडथळ्याचे मूळ हृदयाच्याच कप्प्यात किंवा झडपेवर वाढलेल्या अर्बुदात, म्हणजे पेशींच्या अनियंत्रित वाढीतून झालेल्या गाठीत असते. हृदयातच उगम पावणारी अशी प्राथमिक अर्बुदे शवविच्छेदनांच्या मोठ्या पाहण्यांत दर दहा हजारांमागे साधारणतः तिनांच्या वर आढळत नाहीत. त्यांचा झटक्याशी असलेला संबंध उमगण्यास जो विलंब झाला, त्याला ही दुर्मीळता जितकी कारणीभूत होती, तितकाच हृदयात सापडलेला गोळा गाठ मानावा की गुठळी, हा दीर्घकाळ न सुटलेला प्रश्नही कारणीभूत होता.

इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ रिआल्दो कोलंबो यांच्या १५५९ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील उल्लेख हा हृदयातील अर्बुदाचा पहिला उल्लेख समजला जातो. पुढच्या शतकात शवविच्छेदन करणाऱ्यांना हृदयाच्या कप्प्यांत पांढरट, चिवट गोळे वारंवार आढळत आणि त्यांना सरसकट ‘पॉलिप’ म्हटले जाई. बोलोन्याचे मार्चेल्लो माल्पीगी यांनी असे गोळे पाण्याने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तांबडा रंग निघून जाऊन मागे पांढऱ्या तंतूंची जाळी उरली. त्यावरून हे गोळे रक्त साकळूनच बनतात, असे त्यांनी १६६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात दाखवून दिले. या शोधाने एक मोठा गैरसमज दूर झाला खरा, पण हृदयातील कोणत्याही गोळ्याकडे गुठळी म्हणूनच पाहण्याची प्रवृत्तीही त्यानंतर बळावली. प्राथमिक अर्बुदांत सर्वाधिक आढळणारे मिक्सोमा, म्हणजे बुळबुळीत, ठिसूळ आणि बहुधा देठाने डाव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या) पडद्याला चिकटलेले सौम्य अर्बुद, हे जुन्या गुठळीचेच रूपांतर असावे, हे मत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होते.

झटक्याची संकल्पना तोवर स्वतंत्र वाटेने आकार घेत होती. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये हृद्‌रोहिणी अचानक बंद झाली तरी रुग्ण जगू शकतो आणि हे निदान जिवंतपणी करता येते, हे मांडले. त्यानंतर वैद्यकाचे लक्ष साहजिकच वाहिनीच्या भिंतीवर आणि तिथल्या मेदाच्या थरांवर खिळले. अर्बुदाचे निदान मात्र शवविच्छेदनाच्या टेबलावरच होत राहिले. जिवंत रुग्णात मिक्सोमाची लक्षणे द्विदल झडप अरुंद झाल्यासारखी भासत, आणि झडप मोकळी करण्यासाठी बंद हृदयात बोट घालणाऱ्या शल्यविशारदाला झडपेऐवजी मऊ गोळा हाताला लागल्याची उदाहरणे १९५० च्या सुमारास नोंदली गेली.

ही कोंडी फुटली ती त्याच दशकात. हृदयात रंजकद्रव्य सोडून काढलेल्या क्षकिरण छायाचित्रांनी अलिंदातील गोळ्याची सावली प्रथमच दाखवली. फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी मे १९५३ मध्ये हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते सांभाळणारे यंत्र वापरून उघड्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली, आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९५४ मध्ये, स्टॉकहोमचे क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी अशाच यंत्राच्या आधाराने डाव्या अलिंदातील मिक्सोमा काढून टाकला. स्वीडनमधल्याच लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये धातूतील दोष शोधण्याचे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र हृदयावर लावून पाहिले होते. त्या पद्धतीने, म्हणजे इकोकार्डिओग्राफीने, जर्मनीत १९५९ मध्ये डाव्या अलिंदातील अर्बुदाचे निदान झाले. त्यामुळे छाती न उघडता आणि वाहिनीत नळी न घालताही हालता गोळा पाहता येऊ लागला.

दुसरीकडे, क्लीव्हलँडच्या मेसन सोन्स यांनी १९५८ पासून विकसित केलेल्या अँजिओग्राफीमुळे हृद्‌रोहिणींचा मार्ग जिवंतपणी स्पष्ट दिसू लागला आणि मेदाचा थर नसूनही झटका आलेले रुग्ण वेगळे ओळखता येऊ लागले. अमेरिकेत मेल्विन चेट्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अशा झटक्यांच्या कारणांचा साकल्याने आढावा घेतला, त्यात अर्बुदांनाही स्थान मिळाले. मिक्सोमाचा तुटलेला तुकडा, किंवा त्याच्या पृष्ठभागावर जमलेली गुठळी, रक्तप्रवाहाबरोबर महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीत येते. असे तुकडे बहुधा मेंदूकडे किंवा हातापायांकडे जातात, कारण हृद्‌रोहिणींची मुखे लहान असून त्या महारोहिणीपासून जवळजवळ काटकोनात फुटतात, पण क्वचित एखादा तुकडा त्यांत शिरतोच. झडपेवर वाढणाऱ्या पॅपिलरी फायब्रोइलास्टोमाची रीत निराळी आहे. जेमतेम सेंटिमीटरभर आकाराची ही गाठ पाण्यात बुडवताच तिचे असंख्य नाजूक तंतू समुद्रपुष्पासारखे पसरतात. महारोहिणीच्या झडपेवर ती असेल, तर तिचा तुकडा हृद्‌रोहिणीत जाऊ शकतो, किंवा लवचिक देठावर हेलकावत ती स्वतःच हृद्‌रोहिणीचे मुख झाकू शकते. म्हणून सौम्य असूनही ती आकस्मिक मृत्यूचे कारण ठरू शकते. दुष्ट अर्बुदे मात्र बाहेरून दाब देऊन किंवा वाहिनीत घुसून तिचा मार्ग बंद करतात.

गाठ की गुठळी, हा प्रश्न आता केवळ वर्गीकरणाचा राहिलेला नाही, कारण उपचारही त्याच्याच उत्तरावर ठरतात. गुठळी विरघळवणारी औषधे रक्ततंतूंवर काम करतात, अर्बुदाच्या ऊतीवर त्यांचा प्रभाव पडत नाही. शिवाय वाहिनी मोकळी केली तरी मूळ गाठ जागेवरच असल्याने पुन्हा तुकडा सुटण्याचा धोका कायम राहतो. म्हणून हृद्‌रोहिणीतून शोषून काढलेला अडथळा ऊतिपरीक्षेसाठी पाठवणे आणि कारण न सापडलेल्या झटक्यात हृदयाची इकोकार्डिओग्राफी करणे महत्त्वाचे ठरते. मिक्सोमा सापडल्यास तो देठाच्या तळाशी असलेल्या पडद्याच्या भागासह काढला जातो, कारण मागे उरलेल्या पेशींतून तो पुन्हा वाढू शकतो. आणि ही शस्त्रक्रिया वेळेवर झाली, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.