टेंभलीत बुबुळं टिपली, चष्म्याचं काय?



२९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. आधारला बोटांच्या ठशांसोबत दोन्ही बुबुळं टिपतात. पण त्या डोळ्यांना दिसतं किती, हे कुणी विचारलं? म्हणून आज थोडा चष्म्याचा इतिहास.

तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत चष्मा आला तो जवळचं वाचण्यासाठी. म्हणजे आपली चाळिशी. लांबचं न दिसणाऱ्यांसाठीची काच त्यानंतर दीडेकशे वर्षांनी आली. १७८५ च्या एका पत्रात बेंजामिन फ्रँकलिनने लिहिलं, की त्याने दोन काचा अर्ध्या कापून एकाच फ्रेममध्ये बसवल्या. वरून लांबचं, खालून जवळचं. हाच आपला बायफोकल. पुढे १८२५ च्या सुमारास इंग्लंडच्या जॉर्ज एअरीने स्वतःच्या डोळ्यासाठी सिलिंडरची काच करून घेतली. रेषा न दिसणारा प्रोग्रेसिव्ह १९५९ चा, फ्रान्समधला.

काचेची जागा प्लास्टिकने घेतली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. सीआर-३९ हे मटेरियल युद्धात विमानांच्या इंधनयंत्रणेत वापरलं होतं. १९४७ च्या सुमारास त्याचे चष्मे आले. निम्मं वजन, फुटायची भीती कमी. पण चरे लवकर पडतात. धूळ असताना उपरण्याने पुसू नका, आधी पाण्याने धुवा.

आता मुद्द्याचं. दुकानदार विचारतो, "भाऊ, कोणती काच टाकू?" उत्तर किमतीवर नाही, कामावर ठरवा. लहान मुलं, वेल्डिंगवाले, गाडीवाले यांना पॉलिकार्बोनेट, ते सहसा फुटत नाही. फक्त वाचायला, शिवायला साधी चाळिशी पुरते. दिवसभर लांब-जवळ दोन्ही बघायचं तर बायफोकल. प्रोग्रेसिव्ह महाग, सवयही करावी लागते. आणि काळी काच म्हणजे उन्हापासून बचाव नव्हे, यूव्ही संरक्षण आहे का ते विचारा.

आठवडे बाजारातली तयार चाळिशी मीही बघतो, कारण चाळिशी मलाही लागली आहे. तिच्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, सिलिंडर नसतो. दोन्ही डोळे सारखे असतील तर तात्पुरतं चालतं. नसतील तर डोकं दुखतं, आणि माणूस चष्म्यालाच नावं ठेवतो.

हा फॅशनचा विषय नाही, मजुरीचा आहे. २०१८ मध्ये आसामच्या चहामळ्यातल्या चाळिशीपुढच्या मजुरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांचं काम न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. आपल्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांचं कामही नजरेचंच. त्यांच्यातल्या कितींचे डोळे तपासले गेलेत?

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. शाळकरी मुलांची तपासणी आणि गरजूंना मोफत चष्मा त्यात बसतो. २०१३ पासून बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकंही शाळा-अंगणवाडीत येतात. मग मुलगा फळ्याजवळ जाऊन वाचत असेल तर "अभ्यासात कच्चा" म्हणण्याआधी मास्तरांना विचारा, पथक आलं होतं का? ग्रामसभेत विचारा, सरपंचांना विचारा. मिरचीचा हंगाम सुरू होण्याआधी पथारीवर नेत्रतपासणी झाली पाहिजे, ही मागणी आपण सगळे मिळून करू.

तुमच्या गावात शेवटची तपासणी कधी झाली? कमेंटमध्ये गाव आणि वर्ष लिहा. यादी झाली की ती घेऊन मी अधिकाऱ्यांकडे जाईन.