प्लॅस्टिकचं तेल निघतं. प्रश्न मात्र उरतो

'प्लॅस्टिक खनिज तेलापासूनच बनतं, मग त्याचं पुन्हा तेल करा. कचराही जाईल, इंधनही मिळेल' हा युक्तिवाद आता सर्वमान्य होऊ पाहतो आहे. त्यातलं रसायनशास्त्र खरं आहे. हवा बंद करून 400-500 अंश सेल्सिअसला तापवलं की पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटतात. झिओलाइटसारखा उत्प्रेरक असेल, तर कमी उष्णतेत मेणचट पदार्थाऐवजी पेट्रोल-डिझेलच्या जातीचे हलके रेणू मिळतात. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने 2019 मध्ये 'गेल' या सरकारी वायू कंपनीच्या साहाय्याने रोज एक टन प्लॅस्टिक घेणारा प्रकल्प उभारला. टनाला 800 लिटर डिझेल, असा त्याचा हिशेब होता. हे मला मान्य आहे. अमान्य आहे ते यावरून काढलेलं अनुमान: 'म्हणजे प्लॅस्टिकचा प्रश्न सुटला.'

आधी भट्टीत काय जातं ते बघू. पीव्हीसीच्या वजनात सुमारे 57 टक्के क्लोरीन असतं. तापताच त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो पोलाद खातो आणि उत्प्रेरकही निकामी करतो. पाण्याच्या बाटलीचं पीईटी तेल जवळपास देतच नाही. त्यातली टेरेफ्थॅलिक आम्लासारखी द्रव्यं थंड होताच नळ्यांत घट्ट साचतात. वेफर्सच्या पाकिटाला आतून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, भाजीच्या पिशवीला खरकटं आणि माती. उत्प्रेरकाची छिद्रं कोळशाच्या थराने एरवीही बुजतात, त्यात ही भर. तेव्हा माल निवडणं, धुणं, वाळवणं आलंच. पुण्यात निवडण्याचं हे काम 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बाया करतात. त्यांनी वेगळं काढलेलं जाड, स्वच्छ पॉलिथिन भट्टीला सगळ्यात मानवतं; पण नेमक्या त्याच मालाला भंगारवाला आधीपासून भाव देतो. त्याचे दाणे होऊन पुन्हा वस्तू बनतात. असा माल इंजिनात जाळायला देणं मला उधळपट्टी वाटते.

'बंद भट्टी आहे, धूर होत नाही,' असं सांगतात. पण तेल शेवटी जाळायचंच असतं. एक किलो पॉलिथिनमधला सगळा कार्बन जळला की 3.14 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तो भट्टीपाशी निघाला काय आणि ट्रकच्या नळीतून निघाला काय, हवेला सारखाच. 'तेवढं खनिज डिझेल वाचतं ना?' वाचतं, पण किती? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2019-20 च्या आकडेवारीत देशाचा प्लॅस्टिक कचरा सुमारे 35 लाख टन होता. त्या सगळ्याचं डेहराडूनच्या दराने तेल केलं, तरी 23 लाख टनांच्या आसपास भरतं. देशाला वर्षाला जवळपास 9 कोटी टन डिझेल लागतं. म्हणजे जेमतेम अडीच टक्के.

तरीही या भट्टीला जागा आहे. जी पातळ, मळकी पिशवी भंगारवालाही घेत नाही आणि कचरा डेपोवर उघड्यावर जळते, तिचं तेल झालेलं केव्हाही बरं. 2022 च्या केंद्रीय नियमांनी इंधनासाठी केलेलं तेल पुनर्चक्रीकरणात न धरता अंतिम विल्हेवाटीत धरलं, ते यथार्थच आहे. नगरपालिकांनी प्रकल्प मंजूर करताना हीच वर्गवारी निविदेत लिहावी आणि दोन अटी घालाव्यात: भंगारात विकला जाणारा माल भट्टीत घालायला मनाई, आणि तेलातल्या क्लोरीनची तपासणी सक्तीची.