पूल कोणासाठीं?

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ही बेटांवर वसलेली आहे. तिच्या ऐन मध्यभागीं मेलारेन हें गोड्या पाण्याचें सरोवर व बाल्टिक समुद्र यांची गांठ पडते. सरोवराची पातळी समुद्राहून सुमारें ७० सेंटिमीटर उंच. म्हणून गलबतें चढविण्या-उतरविण्यासाठीं १६४२ सालीं तेथें दरवाजांचा कालवा तयार झाला. त्यास स्वीडिश भाषेंत 'स्लुसेन' म्हणतात, व त्या सबंध भागासही तेंच नांव पडलें. पूल कोणासाठीं बांधावा, या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर आम्हांस याहून बोधप्रद स्थळ आठवत नाहीं.

जुनें शहर आणि दक्षिणेचें सोदरमाल्म बेट यांस जोडणारे पूल पूर्वीं उघडझाप करणारे होते. जहाज आलें कीं पूल उघडावयाचा आणि दोन्ही तीरांवर गाड्या व माणसें खोळंबून राहावयाचीं. पुढें मोटारी वाढल्या आणि हा खोळंबा असह्य झाला. तेव्हां १९३५ सालीं तागे विल्यम-ओल्सन या स्थापत्यविशारदाच्या योजनेनुसार तेथें नवी रचना उभी राहिली. रस्ते एकमेकांवरून व एकमेकांखालून वळवून तिला तिपानी गवताच्या पानासारखा आकार दिलेला होता. कोणत्याही गाडीस दुसरीची वाट आडवी छेदावी लागूं नये, ही त्यांतील खुबी. ३ सप्टेंबर १९६७ रोजीं साऱ्या देशानें आपल्याप्रमाणें डावीकडून गाड्या हांकणें सोडून उजवी बाजू धरली, तेव्हांही ही रचना फारशी न बदलतां उपयोगी पडली!

परंतु या कौतुकाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उजेडांतले प्रशस्त रस्ते चाकांच्या वांट्यास गेले; पायीं जाणारास मात्र पायऱ्या आणि भुयारें यांतून वाट काढावी लागे. कालांतरानें काँक्रीट झिजलें, पाया खचूं लागला. जुनें जतन करावें कीं पाडावें, यावर नागरिकांत कित्येक वर्षें कडाक्याचा वाद झाला. जुन्याच्या कैवाऱ्यांस तें आधुनिक युगाचें स्मारक वाटे, आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें.

अखेर २०१६ सालीं पुनर्रचनेस आरंभ झाला. चीनमध्यें तयार केलेला सोनेरी रंगाचा पोलादी पूल जहाजावरून आणून २५ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला करण्यांत आला. नव्या योजनेंत मोटारींची जागा कमी करून पादचारी व सायकलस्वार यांची वाढविली. सरोवराचें पुराचें पाणी पूर्वीच्या सुमारें पांचपट वेगानें समुद्रांत सोडण्याचीही तजवीज केली.

१९३५ च्या योजकांस आम्ही दोष देणार नाहीं. वाहनें न थांबतां कशीं जातील, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं उत्तम दिलें. तो प्रश्नच अपुरा होता. आपल्या शहरांतूनही आज पुलांवर पूल चढत आहेत. त्यांच्या नकाशावर बोट ठेवून, शाळेंत जाणारें मूल येथून पलीकडे कसें जाईल, एवढें प्रत्येक नागरिकानें विचारावें. हा प्रश्न आरंभींच विचारणें स्वस्त पडतें. पूल पाडून त्याचें उत्तर शोधणें फार महाग पडतें.