यंत्राची नाडीपरीक्षा

हातानें गिअर बदलावयाच्या मोटारीचें दुखणें बहुधा कानाला कळतें. दांते करकरतात, दांडा हिसका देतो, क्लच घसरूं लागला कीं चढावर इंजिन नुसतें ओरडतें. अनुभवी मिस्त्री डोळे मिटून रोगाचें नांव सांगतो. स्वयंचलित गिअरबॉक्सचा स्वभाव निराळा. तेथें इंजिनाची शक्ति चाकांकडे निघतांना प्रथम तेलाच्या लोंढ्यांतून जाते, आणि तेल बोलत नाहीं. ह्या मुक्या पेटीचें निदान मनुष्य कसें करूं लागला, हा आजच्या भाषणाचा विषय. त्यांतील एक अध्याय आपल्या वऱ्हाडांतला आहे.

ह्या कल्पनेचा उगम मोटारींत नसून जहाजांत आहे. वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरतें, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरावा लागतो. ही तफावत मिटविण्यासाठीं स्टेटीन येथील हेर्मान फोटिंगर ह्या जर्मन इंजिनिअरानें 1905 सालीं दोहोंमध्यें द्रव आणला. एक चक्र द्रव फेकतें, दुसरें त्या माऱ्यानें फिरतें, आणि मधल्या स्थिर पात्यांवर ओघाची दिशा वळल्यामुळें फिरविण्याचा जोर वाढतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. पुढें 1940 सालच्या ओल्ड्समोबील मोटारींत द्रवाचा जोड आणि आपोआप बदलणारे गिअर ह्यांची सांगड घातली गेली. ब्युइकनें 1948 सालीं कन्व्हर्टर बसविला.

वऱ्हाडांत ही विद्या रुळांवरून आली. यवतमाळ, मूर्तिजापूर व अचलपूर ह्यांना जोडणारी शकुंतला रेल्वे कापसाच्या व्यापारासाठीं निघाली. मँचेस्टर येथें 1921 सालीं घडलेलें वाफेचें इंजिन 1923 पासून सुमारें सत्तर वर्षें ह्या अडीच फुटी रुळांवर राबलें. त्याचे दांडे उघड्यावर. कोठें गळतें, कोठें ठोका पडतो, हें दिसे व ऐकूं येई. 15 एप्रिल 1994 रोजीं त्याची जागा डिझेल इंजिनानें घेतली. आपल्या देशांतील ह्या मापाचीं डिझेल इंजिनें द्रवचालित, म्हणजे बंद पेटींतील तेलामार्फत चाकें फिरविणारीं. अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर स्वयंचलित मोटार क्वचितच दिसे, त्या काळीं अचलपूरचा शेतकरी तिच्या भावंडामागें बसून प्रवास करीत होता!

ह्या क्षेत्रांत एक भारतीय नांवहि आदरानें घ्यावें लागेल. मनमोहन सुरी ह्यांनीं शोधलेली ‘सुरी ट्रान्समिशन’ रेल्वे इंजिनांत वापरली गेली. सुरुवातीचा जोर द्रवाचा, आणि वेग आल्यावर सरळ यांत्रिक जोड, अशी तिची खुबी. त्यांना 1962 सालीं भटनागर पारितोषिक मिळालें.

आतां निदानाकडे वळूं. वैद्य जिव्हा पाहतो, तसा जाणता मिस्त्री आधीं तेल पाहतो. लाल तेल काळवंडलें व करपट वास येऊं लागला, तर आंतील क्लचच्या चकत्या घसरून जळत आहेत असें समजावें. तेल दुधाळ गुलाबी झालें, तर त्यांत पाणी शिरलें आहे. फेस आला, तर पातळी चुकली असावी; हवा मिसळलेल्या तेलाला दाब धरवत नाहीं आणि गिअर उशीरा लागतो. दुसरी पायरी दाबमापकाची. तिसरी जोराची कसोटी: ब्रेक घट्ट दाबून इंजिन पूर्ण जोरांत न्यावयाचें. फेरे ठराविक आंकड्याच्या वर गेले तर चकत्या घसरतात. खालीं राहिले तर इंजिन दुबळें, किंवा मधल्या पात्यांची पकड सुटली आहे. ही परीक्षा थोड्या सेकंदांचीच व जाणत्या हातांचीच. कारण त्या वेळीं इंजिनाची सारी शक्ति तेल तापविण्यांत खर्च होते. अकोल्याच्या उन्हाळ्यांत तर आधींच तापलेल्या तेलाची परीक्षा पाहूं नये हेंच बरें.

नव्या मोटारींत संगणक दोषाचा आंकडा दाखवितो, पण तो बहुधा दोषाचें ठिकाण सांगतो, कारण नव्हे. सोलेनॉइड झडपेचा आंकडा आला म्हणून झडपच बिघडली असें नाहीं. तार तुटलेली असेल, तेल गढूळ असेल. भारतांत 2014 सालीं सेलेरिओ मोटारीबरोबर आलेल्या एएमटींत तर टॉर्क कन्व्हर्टरच नाहीं; तेथें साधा क्लच यंत्रानें दाबला जातो. तिला कन्व्हर्टरचे नियम लावणें म्हणजे एकाचें औषध दुसऱ्याला देणें होय. आणि चुकीच्या निदानाची किंमत मोठी असते. जेथें तेल किंवा तार बदलून भागलें असतें, तेथें सबंध पेटी बदलली जाते आणि गृहस्थाची वर्षाची शिल्लक संपते.

शकुंतलेची गाडी आज धांवत नाहीं. परंतु तिच्या रुळांवर वऱ्हाडानें दोन युगें पाहिलीं: एक ठोका ऐकण्याचें, दुसरें तेल पाहण्याचें. आतां तिसरें, आंकडा वाचण्याचें युग आलें आहे. त्यांत पहिल्या दोन विद्या विसरणारा मिस्त्री भाग बदलील. रोग मात्र तसाच राहील.